पदवी वॉर्डात पोहोचते का?

“बीएस्सी नर्सिंग करून आलेल्या मुलीला मी नावं ठेवत नाही,” परिसेविका म्हणाल्या. “ती हुशार असते, तिचं वाचन असतं. पण पहिल्या नाइट ड्यूटीला चाळीस खाटांचा वॉर्ड तिच्या ताब्यात आला की ती गांगरते. ओव्हर घेताना काय विचारायचं, आधी कुठल्या खाटेपाशी जायचं, सकाळपासून कोणाची लघवी कमी झालीय, कोण उगाचच चिडचिड करतोय, हे केअर प्लॅनच्या वहीत नसतं. आम्ही रुग्णालयाच्याच नर्सिंग स्कूलमध्ये तयार झालो. हॉस्टेल आवारात, दिवस सुरू व्हायचा वॉर्डात आणि संपायचाही तिथेच. डिप्लोमा मिळायच्या आधी हात तयार झालेला असायचा. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. १९७३ च्या हल्ल्यानंतर २०१५ मध्ये त्या गेल्या, तोपर्यंत जवळजवळ ४२ वर्षं त्यांना सांभाळलं ते तिथल्या परिचारिकांनी. अंथरुणाला खिळलेल्या त्या बाईंना इतक्या वर्षांत बेडसोर होऊ दिला नाही, याची दखल सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालात घेतली. त्या पिढ्यांमध्ये पदवीधर किती होत्या? कूस बदलणं, पाठ पुसणं, घास भरवणं हे त्यांना कुठल्या विद्यापीठाने शिकवलं नव्हतं. मग पदवीने नेमकं काय वाढतं, हे मला कोणीतरी नीट सांगावं.”

नर्सिंग कॉलेजात शिकवणाऱ्या प्राध्यापिकांनी उत्तर द्यायला घाई केली नाही. पदवीच्या बाजूने बोलणाऱ्याला हा प्रश्न टाळता येत नाही, हे त्या जाणून होत्या.

“केईएमच्या त्या परिचारिकांबद्दल माझ्या मनात आदरच आहे, सिस्टर,” त्या म्हणाल्या. “पण त्या स्कूलची दुसरी बाजू तुम्हीच जास्त पाहिली असेल. ‘शिकणारी’ मुलगी ही रुग्णालयाची सगळ्यात स्वस्त कामगार होती. स्टाफ कमी पडला की तिचा तास रद्द व्हायचा, ड्यूटी कधीच रद्द व्हायची नाही. भोर समितीने १९४६ साली अहवाल दिला, तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे ७,००० परिचारिका होत्या, ४३,००० लोकांमागे एक. संख्येचा एवढा दुष्काळ असतानाही त्या समितीने नर्सिंगला विद्यापीठाची पदवी हवी असं लिहिलं. त्याच वर्षी दिल्लीत आणि वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात बीएस्सी नर्सिंग सुरू झालं. दिल्लीचं ते कॉलेज पुढे राजकुमारी अमृत कौर यांच्या नावाने ओळखलं जाऊ लागलं, आणि १९५९ मध्ये तिथेच पदव्युत्तर शिक्षण सुरू झालं. मुंबईत एसएनडीटी विद्यापीठाचं लीलाबाई ठाकरसी नर्सिंग कॉलेज १९६४ चं. या लोकांचा मुद्दा एवढाच होता की शिकणाऱ्या मुलीला आधी विद्यार्थिनी म्हणून वागवा, मनुष्यबळ म्हणून नंतर.

“आता तुमच्या ‘काय वाढतं’कडे येते. वॉर्डातला टीपीआर चार्ट घ्या. ताप आणि नाडी बदलतात, श्वासाचा आकडा मात्र सगळ्या खाटांवर २० लिहिलेला असतो. आणि जंतुसंसर्ग रक्तात पसरायला लागला की बदल बहुतेकदा आधी श्वासातच दिसतो. तो आकडा का मोजायचा, तो २८ झाला तर शरीरात काय चाललंय, आणि रक्तदाब अजून बरा दिसत असतानाच डॉक्टरांना फोन का करायचा, हे कळण्यासाठी शरीरक्रियाशास्त्र यावं लागतं. नुसत्या सवयीच्या हाताला ते येत नाही. २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास आला. युरोपातले नऊ देश, ३०० रुग्णालयं, शस्त्रक्रिया झालेले ४ लाख २० हजारांहून अधिक रुग्ण. ज्या रुग्णालयात पदवीधर परिचारिकांचं प्रमाण १० टक्क्यांनी जास्त, तिथे दाखल झाल्यापासून ३० दिवसांत रुग्ण दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी कमी. पदवीने काय वाढतं, तर हे वाढतं.”

“त्या अभ्यासाचं दुसरं वाक्यही सांगा ना,” परिसेविका म्हणाल्या. त्यांनी तो वाचलेला होता. “एका परिचारिकेवर एक रुग्ण वाढला की मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते, हेही त्यातच आहे. त्यांची तुलना होती सहा रुग्ण सांभाळणारी आणि आठ रुग्ण सांभाळणारी यांच्यात. आपल्याकडे इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषाप्रमाणे शिकवणाऱ्या रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका हवी, आयसीयूत एकास एक. रात्रीच्या कुठल्याही सरकारी मेडिसिन वॉर्डात जा आणि तो निकष शोधून दाखवा. श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचा असतो, हे मीच मुलींना शिकवते. चाळीस रुग्णांचे श्वास मोजायला चाळीस मिनिटं लागतात. मग इंजेक्शनं कधी, सलाईन कधी, नवी ॲडमिशन कधी? तो २० चा आकडा अज्ञानातून येत नाही, मॅडम. जिला सगळं कळतं तीही शेवटी २० लिहिते, आणि लिहिताना तिला वाईट वाटतं. पदवीधर मुलीला अधिकच वाईट वाटतं, एवढाच फरक.”

आकड्यांच्या या वादात परिसेविकांची बाजू वरचढ आहे, हे मान्य करायला हवे. सरकारने हजार लोकसंख्येमागे १.९६ परिचारिका असल्याचे सांगितले आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा म्हणून सांगितला जाणारा निकष तीनचा आहे. शिवाय १.९६ हा आकडा नोंदणीवर उभा आहे. लग्नानंतर काम सोडलेली, निवृत्त झालेली, रियाधला किंवा लंडनला गेलेली परिचारिका राज्याच्या रजिस्टरवर बहुतेक वेळा तशीच राहते. प्रत्यक्ष खाटेपाशी उभ्या असलेल्या परिचारिका याहून कमीच भरतील.

प्राध्यापिकांनी तो आकडा नाकारला नाही, पण त्यातून निघणारा निष्कर्ष त्यांना पटला नाही. “माणसं कमी आहेत म्हणून कमी शिकलेली चालतील, हा तर्क उलटा आहे. जिच्याकडे चाळीस रुग्ण आहेत तिला सगळ्यांकडे सारखं बघताच येणार नाही. कोणत्या पाच जणांकडे आधी बघायचं, हे तिला ठरवावंच लागतं. तीन रुग्णांच्या परिचारिकेपेक्षा हिलाच जास्त बारकाईने विचार करावा लागतो. आणि रुग्णही बदललेत. पूर्वी जनरल वॉर्डात न दिसणारा रुग्ण आज तिथे असतो. डायलिसिसवरचा, केमो घेणारा, चार आजार आणि चौदा गोळ्या असलेला. त्याच्यासाठी तीन वर्षांचा जुना अभ्यासक्रम पुरेसा आहे असं तुम्हीही म्हणणार नाही.”

“नाही म्हणणार. पण तुम्ही ज्या पदवीची बाजू घेताय ती पदवी आहे कुठे, हा माझा पुढचा प्रश्न,” परिसेविका म्हणाल्या. “मध्य प्रदेशात काय झालं ते आपण सगळ्यांनी वाचलं. कागदावर कॉलेज, जागेवर दोन-चार खोल्या. एकच शिक्षिका अनेक कॉलेजांच्या यादीत. रुग्णालय दाखवलेलं, पण खाटांवर रुग्ण नाहीत. उच्च न्यायालयाला सीबीआयकडे तपासणी सोपवावी लागली. आणि मे २०२४ मध्ये कॉलेजांना सोयीचा अहवाल देण्यासाठी लाच घेतल्याच्या आरोपाखाली त्या तपासातल्याच अधिकाऱ्यांना अटक झाली. राज्य सरकारने ६६ कॉलेजं बंद केली. तिथे फी भरून बसलेल्या मुलींचं काय झालं असेल? आणि ज्या आधीच उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या, त्या आज कोणाच्या उशाशी उभ्या आहेत? आपल्याकडे सगळं असं नाही, मला ठाऊक आहे. पण क्लिनिकल पोस्टिंगला माझ्या वॉर्डात एका वेळी तीन-तीन कॉलेजांच्या मुली येतात. एका कॅथेटरभोवती बारा जणी उभ्या राहतात. एक घालते, अकरा बघतात, आणि बाराही जणींच्या प्रोसिजर बुकावर माझी सही होते.”

हे ऐकताना प्राध्यापिकांना त्रास झाला, कारण त्या बारा जणींत त्यांच्याही विद्यार्थिनी असतात. “ती सही हे आमच्या शिक्षणाचं सगळ्यात दुखरं ठिकाण आहे,” त्या म्हणाल्या. “मी त्याचं समर्थन करणार नाही. पण मध्य प्रदेशात जे सडलं ते पदवीमुळे सडलं नाही. तिथे डिप्लोमाचे वर्गही तसेच चालत होते. मान्यता देणारी, परीक्षा घेणारी आणि नोंदणी करणारी अशा तीन यंत्रणा, आणि एकीने ढिलाई केली की दुसरी तिच्याकडे बोट दाखवते. १९४७ च्या कायद्यावर आपण पाऊणशे वर्षं काढली. २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय नर्सिंग व प्रसूतीविद्या आयोगाचा कायदा केला तो याचसाठी. त्याच वर्षी केंद्राने १,५७० कोटी रुपये खर्चून १५७ सरकारी नर्सिंग कॉलेजं मंजूर केली, २०१४ नंतर उभ्या राहिलेल्या वैद्यकीय महाविद्यालयांना जोडून. ही जोडणी मला पैशांहून मोलाची वाटते, कारण तिथे रुग्ण आहेत. देशातल्या ४० टक्के जिल्ह्यांत नर्सिंग कॉलेजच नाही आणि ४२ टक्क्यांहून अधिक संस्था दक्षिणेतल्या पाच राज्यांत आहेत, असं केंद्रीय आरोग्य खात्यानेच तेव्हा सांगितलं होतं. गोंदियाच्या किंवा नंदुरबारच्या मुलीला आपल्या जिल्ह्यात, खऱ्या रुग्णालयात शिकता आलं तर बोगस कॉलेजाचं दुकान आपोआप अडचणीत येईल.”

“नंदुरबारचं नाव तुम्ही काढलंत म्हणून विचारते. तिला प्रवेश मिळेल का?” परिसेविकांचा आवाज इथे थोडा चढला. “बीएस्सीला बारावी सायन्स लागतं, फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी. वर सीईटी. जीएनएमला, म्हणजे डिप्लोमाला, कुठल्याही शाखेची बारावी चालते. आश्रमशाळेतून आर्ट्स घेऊन बारावी झालेल्या मुलीला या देशात सन्मानाची, पगाराची, घराबाहेर पडायची जी थोडी दारं उघडी आहेत, त्यातलं जीएनएम हे एक मोठं. काही वर्षांपूर्वी जीएनएम बंद करून पदवी हीच किमान पात्रता करायची घोषणा झाली होती. ती मागे पडली, आणि मला हायसं वाटलं. पुण्यात रमाबाई रानडे यांच्या सेवासदनने विधवा आणि परित्यक्तांना ससूनमध्ये नर्सिंग शिकायला पाठवलं, तेव्हा परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावणारी बाई म्हणून त्यांना काय काय ऐकावं लागलं असेल. पण त्यांच्यासाठी ते दार होतं. तुम्ही चौकट उंच करताय, त्यात कोण बाहेर राहील याचा हिशेब मला कुठल्याच कागदावर दिसत नाही.”

या मुद्द्यावर प्राध्यापिका बराच वेळ बोलल्या, आणि त्यांच्या बोलण्यात प्रथमच थोडी कळकळ उघड झाली.

“सिस्टर, मी स्वतः अशाच दारातून आलेल्या मुलींना शिकवते. पोस्ट बेसिकला, म्हणजे जीएनएम करून, नोकरी करून पुन्हा दोन वर्षं पदवीसाठी आलेल्या. वर्गात त्यांच्याइतका अस्सल प्रश्न कोणी विचारत नाही. पण त्यांना इंग्रजीतली उत्तरपत्रिका लिहिताना बघितलं की पोटात तुटतं. जे त्यांना अठराव्या वर्षी मिळायला हवं होतं ते त्या तिशीत, लहान मूल आईकडे ठेवून, बिनपगारी रजा टाकून मिळवतात. तुम्ही म्हणता दार उघडं ठेवा. मी म्हणते ते दार जिथे उघडतं ती खोली लहान आहे, आणि त्या खोलीतून पुढे जायचा रस्ता आपण मुद्दाम अवघड ठेवलाय. गरीब मुलीसाठी डिप्लोमा आणि शहरी मुलीसाठी पदवी, ही वाटणी मला दयाळू वाटत नाही. तिला पदवीपर्यंत आणायचं तर आश्रमशाळेत सायन्स शिकवा, बारावीनंतर एक वर्षाचा तयारीवर्ग द्या, पहिल्या वर्षी मराठीतून समजावून सांगा. इंग्लंडने २०१३ पासून नव्या परिचारिकांसाठी पदवी अनिवार्य केली. आपण अजून ‘त्यांना झेपेल का’ यावर अडलोय.”

“इंग्लंडने पुढे काय केलं तेही आहे,” परिसेविका म्हणाल्या. “पदवी सक्तीची केली, माणसं पुरेनात, म्हणून २०१७ पासून ‘नर्सिंग असोसिएट’ नावाची दोन वर्षांची नवी पायरी काढली आणि २०१९ पासून त्यांची नोंदणीही सुरू केली. म्हणजे एका बाजूने दुसरी श्रेणी मोडली आणि दुसऱ्या बाजूने पुन्हा उभी केली. काम तर करावंच लागतं. रुग्णाला पाणी पाजायला, बेडपॅन द्यायला, पडणार नाही ना हे बघायला माणूस हवाच. पदवीधर परिचारिका संगणकावर नोंदी करणार आणि अंगाला हात लावणार मावशी, ही वाटणी मोठ्या खाजगी रुग्णालयांत दिसायला लागलीय. अंग पुसताना कंबरेवरची लालसर जागा दिसते, मॅडम. ती मावशीला दिसली तर ती सांगेलच असं नाही.”

प्राध्यापिका यावर पटकन म्हणाल्या, “हे मात्र शंभर टक्के खरं,” आणि पुढच्या मुद्द्याकडे वळल्या नाहीत. अंघोळ घालणे हे हलके काम आणि नोंदी करणे हे वरचे काम, अशी उतरंड पदवीबरोबर आली तर पदवीने नर्सिंगचे नुकसानच केले असे म्हणावे लागेल. दोघींचे यावर पूर्ण एकमत होते, आणि या विषयावर चालणाऱ्या चर्चांमध्ये हा मुद्दा फार क्वचित निघतो.

मग परदेशाचा विषय आला. तो येणारच होता.

“तुमच्या शेवटच्या वर्षाच्या वर्गात किती जणी ओईटी या इंग्रजीच्या परीक्षेची किंवा जर्मनची तयारी करतायत?” परिसेविकांनी विचारले. “२०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनेच जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी करार केला, पहिल्या टप्प्यात दहा हजार कुशल मनुष्यबळ पाठवायचा. त्यात परिचारिका आहेत. केरळने हे दशकानुदशकं केलं, आता आपण करतोय. मुलींना मी दोष देत नाही. पण परदेशात पदवीला किंमत जास्त म्हणून इथे पदवी हवी, असं होत असेल तर आपला अभ्यासक्रम आपल्या वॉर्डासाठी आहे की म्युनिकच्या, हे एकदा ठरवायला हवं.”

“त्या का जातात ते बघा. पदवी आहे म्हणून कोणी घर सोडत नाही,” प्राध्यापिका म्हणाल्या. “२०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ट्रेन्ड नर्सेस असोसिएशनच्या याचिकेवर केंद्राला समिती नेमायला लावली. समितीने सांगितलं, ५० पेक्षा कमी खाटांच्या खाजगी रुग्णालयातही किमान २०,००० रुपये द्या आणि २०० हून जास्त खाटा असतील तर राज्य सरकारच्या परिचारिकेइतका पगार द्या. अंमलबजावणी राज्यांवर सोडली. आज कुठल्याही तालुक्याच्या नर्सिंग होममध्ये चार वर्षांची पदवी घेतलेल्या मुलीला हातात काय पडतं ते विचारा. २०११ मध्ये मुंबईतल्या एका खाजगी रुग्णालयात काम करणाऱ्या मल्याळी परिचारिकेने आत्महत्या केली, तेव्हा बॉण्ड आणि अडकवून ठेवलेली मूळ प्रमाणपत्रं हा प्रश्न देशभर गाजला. केरळच्या परिचारिकांची मोठी संघटना त्याच वर्षी उभी राहिली. सरकारी नोकरी म्हणावी तर २०२२ च्या मे महिन्यात आपल्या राज्यातल्या परिचारिका संपावर गेल्या त्या कशासाठी? बाह्यस्रोतांमार्फत भरती नको म्हणून. अकरा महिन्यांच्या कंत्राटावर कोणती मुलगी दहा वर्षांचा विचार करेल? ती जाते, कारण तिथे तिला सहा रुग्ण देतात आणि ती काही म्हणाली तर डॉक्टर ऐकतो.”

“डॉक्टर ऐकतो,” परिसेविका म्हणाल्या. “आता तुम्ही माझ्या मूळ प्रश्नाजवळ आलात.”

इथून बोलण्याची दिशा बदलली. पदवी हवी की नको हा वाद मागे पडला आणि पदवीने कोणता अधिकार मिळतो, हा प्रश्न पुढे आला.

“एमएस्सी नर्सिंगला किती स्पेशालिटी आहेत! मेडिकल-सर्जिकल, बालरोग, मानसोपचार, प्रसूती, सामुदायिक आरोग्य,” परिसेविका म्हणाल्या. “पण सरकारी रुग्णालयात एमएस्सी झालेलीसाठी वेगळं क्लिनिकल पद बहुतेक ठिकाणी नाही. बढती ज्येष्ठतेने. म्हणून ती मुलगी एमएस्सी झाली की वॉर्ड सोडते आणि तुमच्या कॉलेजात शिकवायला येते. जी सगळ्यात जास्त शिकली ती रुग्णापासून सगळ्यात दूर. आयसीयूतल्या नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम काढला. चांगला आहे. पण त्यांच्यासाठी पदं कुठे आहेत? औषधाचा डोस कमी-जास्त करायचा अधिकार कायद्याने कुठे आहे? रुग्णालयाने ठरवून दिलेल्या चौकटीत जेवढं चालेल तेवढंच. मग डिप्लोमाची परिचारिका, पदवीधर आणि एमएस्सी तिघी एकाच वॉर्डात एकच काम करतात. हे बघून अठरा वर्षांच्या मुलीला मी कशाच्या जोरावर सांगू की आणखी शीक?”

“पण एका ठिकाणी हे बदललंय, आणि ते शहरात नाही,” प्राध्यापिका म्हणाल्या. “२०१८ मध्ये आयुष्मान भारत आलं तेव्हा उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी नेमायचं ठरलं. सहा महिन्यांचं प्रशिक्षण घेतलेली परिचारिका तिथे रक्तदाब आणि मधुमेह तपासते, ठरलेली औषधं देते, पुढे कोणाला पाठवायचं ते स्वतः ठरवते. आपल्या राज्यात या पदांवर आयुर्वेद पदवीधरही मोठ्या संख्येने आहेत, पण अनेक राज्यांत हे काम मुख्यतः परिचारिकाच करतायत. म्हणजे ज्या पदवीधर मुलीला मुंबईच्या रुग्णालयात डॉक्टरला विचारल्याशिवाय काहीच ठरवता येत नाही, ती गावात हजारो लोकांच्या आरोग्याचे निर्णय घेते. गावात झेपतं तर शहरात का नाही? प्रसूतीचंही तसंच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत तेलंगणात ६०.७ टक्के बाळंतपणं सिझेरियनने झालेली दिसली. देशात २१.५, महाराष्ट्रात २५.४. तेलंगणाने २०१७ पासून परिचारिकांना दीड वर्ष शिकवून प्रसूतीतज्ज्ञ मिडवाइफ म्हणून उभं करायला घेतलं, आणि पुढच्या वर्षी केंद्रानेही तसं धोरण आणलं. नॉर्मल बाळंतपण हे परिचारिकेचं क्षेत्र आहे, असं सरकारने प्रथमच ठामपणे म्हटलं.”

“आणि त्या मिडवाइफच्या प्रशिक्षणाला जीएनएम झालेलीही चालते,” परिसेविका म्हणाल्या. “बाळंतपणांचा अनुभव हवा, पदवीच हवी असं नाही. म्हणजे जिथे खरा अधिकार दिला, तिथे सरकारने अनुभव मोजला. उपकेंद्रावरही जीएनएम चालते.”

प्राध्यापिकांनी हे नाकारले नाही. त्यांनी फक्त एवढे विचारले, की दीड वर्षाच्या त्या प्रशिक्षणात शिकवले जाणारे शरीरशास्त्र, पुरावे तपासण्याची रीत आणि डॉक्टरांशी बरोबरीने बोलण्याची तयारी हे सगळे विद्यापीठाच्या शिक्षणातूनच आलेले नाही का. नाव डिप्लोमा असले तरी त्यातला आशय पदवीचाच आहे, असे त्यांचे म्हणणे. परिसेविकांना ते अर्धे पटले.

“वेल्लोरला एक पद्धत आहे,” प्राध्यापिका पुढे म्हणाल्या. “तिथे नर्सिंग कॉलेजचे शिक्षक रुग्णालयातही जबाबदारीच्या जागेवर असतात. जी वर्गात हृदयरोगाची शुश्रूषा शिकवते तिच्यावर हृदयरोगाच्या वॉर्डाचीही जबाबदारी असते. चूक झाली तर तिला उत्तर द्यावं लागतं. म्हणून ती जे शिकवते ते वॉर्डात चालतं की नाही, हे तिला रोज कळतं. आपल्याकडे कॉलेज वेगळं, रुग्णालय वेगळं, दोन प्रमुख, दोन हजेरीपुस्तकं. माझी बढती माझ्या शोधनिबंधांवर ठरते. माझ्या विद्यार्थिनींनी किती बेडसोर टाळले, हे कोणी विचारत नाही. मला ती वेल्लोरची पद्धत हवी आहे. प्रत्येक शिकवणाऱ्या वॉर्डात एक व्यक्ती, जिच्याकडे रुग्णांची शुश्रूषा आणि विद्यार्थिनींचं शिक्षण दोन्ही असेल.”

“आजही मुलींना शिकवते मीच,” परिसेविका म्हणाल्या. “त्याचा वेळ माझ्या ड्यूटीत धरलेला नाही आणि त्याचा मोबदलाही नाही. तुमच्या पाठ्यनिर्देशिका येतात, हजेरी घेतात, वह्या तपासतात. तेव्हा तुमची ही एक व्यक्ती मला मान्य आहे, अगदी उद्यापासून. फक्त ती कोण असेल ते सांगा.”

“एमएस्सी झालेली. यात मी मागे हटणार नाही,” प्राध्यापिका म्हणाल्या. “एकदा सवलत दिली की ती कायमची होते. डॉक्टरांच्या बैठकीत तिला पुराव्यानिशी बोलता आलं पाहिजे, नाहीतर तिला पुन्हा इंडेंट आणि लिनन मोजायला बसवतील.”

“मग त्या जागेवर पंचविशीतली मुलगी येईल. पदवीनंतर वर्षभर काम केलं की एमएस्सीला प्रवेश मिळतो. वीस वर्षं वॉर्ड चालवणारी तिच्या हाताखाली, आणि रात्री तीन वाजता रुग्ण निळा पडायला लागला की ती मुलगी माझ्याकडेच बघणार. त्या बिचारीवरही तो अन्याय आहे.”

“तर वॉर्डातल्या अनुभवी परिचारिकांना शिकायला पाठवा. पूर्ण पगारी रजेवर, आधी पोस्ट बेसिक, मग एमएस्सी, आणि परत त्याच वॉर्डात आणा, वरच्या पदावर. मी याच्यासाठी विद्यापीठाशी भांडायला तयार आहे. दर वर्षी एका मोठ्या रुग्णालयातून किती जणींना सोडता येईल?”

“आत्ताच्या मंजूर जागांवर एकीलाही नाही,” परिसेविका म्हणाल्या. “एक गेली तर तिची रात्र दुसरीच्या अंगावर पडते, आणि चाळीसचे साठ होतात. तुमचाच अभ्यास सांगतो त्याने काय होतं. आधी जागा भरा, मग रजा द्या.”

प्राध्यापिकांचे म्हणणे याच्या उलट होते. जागा भरायची मागणी कित्येक वर्षे होते आहे आणि ती कधी पूर्ण होत नाही. शिकलेल्या, पद असलेल्या, बैठकीत बसणाऱ्या परिचारिका वाढल्याशिवाय ती पूर्ण होणारही नाही, कारण मंजूर जागा किती असाव्यात हे जिथे ठरते तिथे आज परिचारिका बोलावल्याच जात नाहीत. परिसेविकांनी विचारले, की त्या शिकून बैठकीपर्यंत पोहोचेपर्यंतची चार-पाच वर्षे वॉर्ड कोणी सांभाळायचा. प्राध्यापिकांनी नव्या सरकारी कॉलेजांतून दर वर्षी बाहेर पडणे अपेक्षित असलेल्या १५,७०० पदवीधरांचा आकडा पुढे केला. त्यातल्या किती जणींना कायमची नेमणूक मिळेल, हा परिसेविकांचा पुढचा प्रश्न होता.